अनुमान आधी की निरीक्षण आधी?

आपल्या विद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनात काही वर्षांपूर्वी मांडलेला एक प्रयोग आम्हांला अजून विसरता आलेला नाही. आठवीतील दोन मुलांनी मातीच्या दोन कुंड्या आणून ठेवल्या होत्या. दोन्हींत मूग पेरलेले. एका कुंडीसमोर रोज सकाळ-संध्याकाळ त्रिसरण, पंचशील व वंदना म्हटली जाई. दुसरी कुंडी वसतिगृहाच्या मागच्या बोळात ठेवलेली होती. पंधरा दिवसांनी पहिल्या कुंडीतील रोपे हिरवीगार व ताठ उभी होती. दुसरीतील रोपे फिकट, लांबट आणि एका बाजूला झुकलेली. तक्त्यावर ठळक अक्षरांत अनुमान लिहिले होते की, वंदनेच्या ध्वनिलहरींमुळे वनस्पतींची वाढ चांगली होते. पाहुण्यांनी मुलांच्या पाठीवर शाबासकी दिली, पालकांनी छायाचित्रे काढली, परीक्षकांनी दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक जाहीर केले आणि आम्हीही सर्वांबरोबर टाळ्या वाजवल्या.

रात्री वसतिगृहाची फेरी मारताना आमचे पाय त्या बोळाशी थांबले. भर दुपारीही तेथे दिवा लावावा लागतो. वंदनेची कुंडी मात्र विहाराच्या पूर्वेकडील खिडकीत होती आणि तिच्यावर सकाळचे कोवळे ऊन तास-दीड तास पडत असे. अंधारात वाढलेले रोप उजेडाच्या शोधात लांबट व फिकट होते, हे आमच्याच मुलांच्या पाठ्यपुस्तकात लिहिलेले आहे. म्हणजे त्या दोन कुंड्यांत वंदनेचा फरक होता, तसाच उन्हाचाही होता. वंदनेला येणारी मुले येता-जाता तांब्याभर पाणीही घालत असत. म्हणजे पाण्याचाही फरक असावा. मग रोपे कशामुळे वाढली, हे त्या प्रयोगावरून कोणालाच सांगता येणार नव्हते.

आमच्या मनाला लागले ते निराळेच. दुसऱ्या एखाद्या शाळेने हाच प्रयोग मंत्रोच्चाराच्या नावाने मांडला असता, तर आम्ही तेथल्या तेथे हरकत घेतली असती. कुंड्या कोठे ठेवल्या होत्या, पाणी कोणी घातले, रोपे किती होती, हे सारे विचारले असते. कदाचित वृत्तपत्राला पत्रही लिहिले असते. येथे मात्र अनुमान आपल्या आवडीचे होते, म्हणून आमची चिकित्सा झोपी गेली. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांसमोर हीच गोष्ट मांडावी, असे आम्हांला वाटते. दुसऱ्यांच्या अंधश्रद्धेविरुद्ध बोलायला आपण मुलांना चांगले शिकवले. स्वतःच्या आवडत्या अनुमानाची परीक्षा कशी घ्यावी, हे शिकवण्यात आपण कमी पडलो.

आम्ही इतिहास शिकवतो. विज्ञान हा आमचा विषय नव्हे. तरी बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात वसतिगृहातील दृश्य आम्ही दर वर्षी पाहतो. मागील वर्षीच्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याची प्रयोगवही हातोहात फिरत असते. उद्देश, साहित्य, कृती, आकृती, निरीक्षण, अनुमान, सारे क्रमाने उतरवले जाते आणि बहुतेक मुले अनुमान सर्वांत आधी लिहून टाकतात, कारण ते एका ओळीचे असते. एकदा पानातील स्टार्चच्या परीक्षेचा प्रयोग चालू असताना आम्ही प्रयोगशाळेच्या दाराशी उभे होतो. बशीतील पान आयोडीन टाकल्यावर तपकिरीच राहिले होते. वहीत मात्र ‘पान निळे-काळे झाले’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. विद्यार्थ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, यायला पाहिजे तसं आलं नाही, म्हणून बरोबर ते लिहिलं.”

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. डोळ्यांनी पाहिलेले खोटे आणि छापलेले खरे, हे त्याला आपणच शिकवले आहे. ज्या समाजाला शतकानुशतके पोथीच्या आधारे माणूसपण नाकारले गेले, त्या समाजाच्या मुलाने डोळ्यांपुढचे पान खोडून पुस्तकातले पान लिहावे, ही साधी कॉपी समजून सोडून देण्याजोगी बाब नाही. ते पान निळे-काळे का झाले नाही, हा त्या दिवशी प्रयोगशाळेतील सर्वांत मोलाचा प्रश्न होता. कदाचित रोप दोन दिवस अंधारात राहिले असेल, कदाचित पानातील हरितद्रव्य नीट निघाले नसेल. ते शोधण्यातच विज्ञान होते आणि तो प्रश्न वहीच्या त्या एका वाक्याखाली गाडला गेला.

प्रयोग म्हणजे नेमके काय, हे आम्ही इतिहासाच्या तासाला सांगू लागलो, तेव्हा उदाहरण निवडले ते प्लेगचे. त्या साथीचा आपल्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढे साथ पुण्याकडे पसरली. सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रुग्णांची सेवा करीत होत्या आणि प्लेगने आजारी झालेल्या मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात नेताना त्यांनाही त्या रोगाने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सावित्रीबाईंची जयंती आपण साजरी करतो, त्यांच्या स्मृतिदिनी फुले वाहतो. पण ज्या रोगाने त्या गेल्या, तो कसा पसरतो हे त्या दिवशी जगात कोणालाही खात्रीने ठाऊक नव्हते, याकडे आपले लक्ष जात नाही. रोगजंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी शोधला होता. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोडेच होते. कोणी दूषित हवा म्हणे, कोणी घाण, कोणी स्पर्श, तर कोणी दैवी कोप.

त्याच सुमारास वाल्देमार हाफकिन मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगवरील लस तयार करीत होते. ती लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. ही गोष्ट सांगितली की मुले हमखास टाळ्या वाजवतात. आम्ही त्यांना थांबवून विचारतो, “यावरून काय सिद्ध झाले?” थोड्या वेळाने एखादी मुलगी म्हणते की, लस टोचल्याने हाफकिन मेले नाहीत एवढेच सिद्ध झाले. लसीने प्लेग टळतो, हे यावरून कळत नाही. कारण लस घेतली नसती तरी त्यांना प्लेग झाला नसता, असेही असू शकते. धैर्य मोठे होते, पण धैर्य म्हणजे पुरावा नव्हे.

त्यानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस टोचण्यात आली, उरलेल्यांना टोचली नाही. दोन्ही गटांचे छप्पर एक, अन्न एक, दिनक्रम एक. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला आणि कोणीही दगावले नाही. येथे प्रथमच तुलना आली. ज्या गटाला लस दिली नाही तो गट नसता, तर लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले हा आकडा मोठा की लहान, हे सांगता आले नसते. विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला नियंत्रित गट म्हणतात, तो हाच.

तरीही शंका उरते, आणि ती काढायला मुलांना फार वेळ लागत नाही. जे आपण होऊन पुढे आले, ते मुळातच अधिक धडधाकट असले तर? अधिक सावध असले तर? मग फरक लसीचा की माणसांचा? या शंकेचे निरसन पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा या गावात बऱ्याच अंशी झाले. ज्या संस्थानाच्या सयाजीराव महाराजांनी पुढे १९१३ साली बाबासाहेबांना परदेशातील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, त्याच संस्थानातील हे गाव. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग चालू असताना हाफकिन यांनी घरोघरची माणसे एकत्र करून प्रत्येक घरातील साधारण अर्ध्या माणसांना लस टोचली. एकच घर, एकच पाणी, एकच चूल, तेच उंदीर. फरक फक्त लसीचा. त्यानंतर ज्या २८ घरांत प्लेग उद्भवला, त्यांत लस न घेतलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावली. लस घेतलेली ७१ होती. त्यांपैकी ८ जणांना झाला आणि ३ दगावली. हे आकडे आम्ही फळ्यावर लिहितो आणि गणिताचा तास नसतानाही मुलांना शेकडेवारी काढायला सांगतो. एका बाजूला शंभरात सुमारे चाळीस मृत्यू, दुसऱ्या बाजूला सुमारे चार. वर्गात एकदम शांतता पसरते.

लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे. हाफकिन यांनी ते तीन मृत्यू लपवले नाहीत. ते लपवले असते, तर आज आम्ही उरलेल्या आकड्यांवर तरी विश्वास कसा ठेवला असता?

त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दुसऱ्या प्रश्नाला हात घातला. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरत असावा, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने आजारी असलेला, पिसवा असलेला उंदीर ठेवला आणि त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होऊ शकत नव्हता; पिसू मात्र जाळीतून उडी मारू शकत होती. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. सिमाँ येथेच थांबले नाहीत. पिसवा नसलेला आजारी उंदीर निरोगी उंदरांजवळ ठेवला, तेव्हा ते निरोगीच राहिले. हवा तीच, उंदीर तेच, रोग तोच. फक्त पिसू काढून घेतली आणि रोगाची वाट बंद झाली. तरीही कित्येक शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत याच विषयावरचे प्रयोग अधिक काटेकोरपणे व पुष्कळ वेळा करण्यात आले, तेव्हा कोठे ही गोष्ट सर्वमान्य झाली.

या एका साथीच्या इतिहासात प्रयोगाची सारी मूलतत्त्वे सापडतात. पहिले म्हणजे प्रश्न नेमका हवा, आणि काय दिसले तर आपला तर्क चुकीचा ठरेल, हे प्रयोगापूर्वीच लिहून ठेवायला हवे. मागाहून तर्क बदलणे फार सोपे असते. दुसरे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकी सर्व शक्य तितके सारखे ठेवावे. तिसरे, एका रोपावरून, एका उंदरावरून किंवा एका माणसाच्या अनुभवावरून निकाल देऊ नये. संख्या पुरेशी असावी आणि कोण कोणत्या गटात जाईल हे आपल्या मर्जीने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चौथे, ‘चांगली वाढ’ असे मोघम न लिहिता मोजावे. शक्य असेल तर मोजणाऱ्याला कोणता गट कोणता हे ठाऊक नसावे, कारण मनात जे असते तेच पट्टीवर दिसू लागते. पाचवे, जे दिसले तेच लिहावे, आणि इतके स्पष्ट लिहावे की दुसऱ्या कोणालाही तोच प्रयोग पुन्हा करून पाहता यावा. एवढे समजायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. सहावीतील मूलही हे समजू शकते.

हे आम्ही खात्रीने म्हणतो, कारण पुढच्या वर्षी त्याच दोन मुलांना बोलावून आम्ही कुंड्यांचा प्रयोग पुन्हा करवला. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून एकाच डब्यातील मूग घेतले आणि सारख्या आकाराच्या सहा वाट्यांत प्रत्येकी वीस दाणे पेरले. कोणत्या वाट्या वंदनेच्या व कोणत्या नाहीत, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले आणि वाट्यांच्या तळाला फक्त क्रमांक लिहिले. दिवसभर साऱ्या वाट्या एकाच कठड्यावर ठेवल्या जात. औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजून प्रत्येकीला सारखे पाणी घातले जाई. वंदनेच्या वेळी तीन वाट्या विहारात नेत आणि उरलेल्या तीन तेवढाच वेळ तशाच उजेडाच्या अभ्यासिकेत नेत. ही शेवटची युक्ती मुलांचीच. रोपांची उंची मोजायला सहावीतील एक मुलगी होती आणि तिला क्रमांकांचा अर्थ सांगितलेला नव्हता. प्रयोगापूर्वी दोन्ही मुलांनी आपापला अंदाज वहीत लिहून सही केली. दोघांनीही लिहिले होते की, वंदनेची रोपे उंच होतील.

पंधरा दिवसांनी दोन्ही गटांची सरासरी काढली, तेव्हा म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. विहारात नेलेली एक वाटी सर्वांत उंच होती आणि विहारात नेलेलीच दुसरी एक सर्वांत ठेंगणी. मुले बराच वेळ गप्प होती. मग एकाने विचारले, “सर, मग आमचं मागल्या वर्षीचं पारितोषिक परत द्यायचं का?” आम्ही म्हणालो, “पारितोषिक द्यायला आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा परत करायचेच असेल तर आधी आम्ही टाळ्या परत घ्यायला हव्यात.” त्या वर्षीच्या प्रदर्शनात मुलांनी नवा तक्ता लावला. त्यावर पहिलीच ओळ होती की, आमचे गेल्या वर्षीचे अनुमान चूक होते. त्या तक्त्यापाशी फार गर्दी झाली नाही. परंतु आपल्या विद्यालयात आम्ही पाहिलेला सर्वांत प्रामाणिक तक्ता तोच होता.

एक वयस्क उपासक तो तक्ता वाचून आमच्याकडे आले. “गुरुजी, वंदनेची परीक्षा घ्यायची असते का?” असे त्यांनी शांतपणे विचारले. आम्ही नम्रपणे सांगितले की, परीक्षा वंदनेची नव्हती, आमच्या तक्त्यावरील विधानाची होती. वंदना माणसाच्या मनासाठी आहे, आचरणाची आठवण राहावी म्हणून आहे. मुगाच्या रोपांची उंची वाढवण्याचे काम भगवान बुद्धांनी तिच्यावर कधी सोपवले नाही. जे काम तिचे नाही ते तिच्या माथी मारून आपण तिचा गौरव करीत नाही. त्यांचे पूर्ण समाधान झाले, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांनी तक्ता पुन्हा एकदा वाचला, हे आम्ही पाहिले.

केसपुत्त नगरीतील कालामांना भगवान बुद्धांनी केलेला उपदेश आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, केवळ तर्काला पटते म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असे सांगताना अखेरीस ते म्हणतात की, हा श्रमण आपला गुरू आहे, एवढ्यासाठीही स्वीकारू नका. ते सुत्त प्रयोगशाळेसाठी सांगितलेले नाही. ते आचरणासंबंधी आहे आणि त्याची कसोटी कल्याण-अकल्याणाची आहे. परंतु त्या यादीच्या शेवटी बुद्धांनी स्वतःचेही नाव वगळले नाही, ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाने वर्गात पाऊल टाकताना आठवावी. ग्रंथ दुसऱ्यांचा असतो तेव्हा ही यादी आपल्याला पाठ असते. अवघड असते ते शेवटचे कलम.

बाबासाहेबांनी हेच प्रत्यक्ष करून दाखवले आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, या मताची तपासणी केली. त्यांनी त्या मताचा नुसता निषेध केला नाही. हे मत खरे असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या शारीरिक मोजमापांत वंशाचा फरक दिसला पाहिजे, असा प्रश्न त्यांनी मांडला. त्या काळी वंश ठरवण्यासाठी जी मोजमापे प्रमाण मानली जात, तीच त्यांनी हाती घेतली आणि तसा फरक दिसत नाही, हे दाखवून दिले. नाकाच्या मोजमापावरून वंश ठरवण्याची ती रीत आज शास्त्र मानले जात नाही. पण मत काय सांगते, त्यानुसार काय दिसायला हवे आणि प्रत्यक्षात काय दिसते, ही विचाराची पद्धत आजही तितकीच खरी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या स्वतःच्या सिद्धांतालाही अखेरचा शब्द मानण्याचा आग्रह धरलेला नाही. इतक्या मोठ्या विद्वानाने आपल्या अनुमानापुढे दार उघडे ठेवले आणि आपण आठवीतील मुलांच्या तक्त्यापुढे ते बंद केले होते.

येथे आणखी एक गोष्ट बोलून दाखवणे आमचे कर्तव्य आहे. प्रयोग कोणी रचले आणि कोणावर झाले, हा प्रश्न आपल्या समाजाला टाळता येणार नाही. भायखळ्याच्या कैद्यांनी होकार दिला. परंतु गजाआडच्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, याचा विचार करायला हवा. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य विभागाने गरीब काळ्या पुरुषांचा उपदंश उपचारांविना कसा वाढत जातो, हे पाहिले. पेनिसिलीन हे औषध उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही आणि खरे कारणही सांगितले नाही. त्यात गट होते, नोंदी होत्या, तुलना होती. नव्हता तो माणसाविषयीचा आदर. म्हणून प्रयोगाच्या मूलतत्त्वांत आम्ही मुलांना सहावे सांगतो की, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला सारे खरे सांगावे आणि त्याने नाही म्हटले तर तेथेच थांबावे. हे सहावे तत्त्व सर्वांत चांगले कोणाला समजेल? ज्यांच्या पूर्वजांना कोणी कधी काही विचारलेच नाही, त्यांच्या मुलांना. आपली मुले प्रयोगशाळेत जायला हवीत, ती याही कारणासाठी.

यावर दोन आक्षेप येतात, ते आम्हांला परिचित आहेत. पालक म्हणतात, “सर, या मुगाच्या वाट्यांनी नीटच्या परीक्षेत गुण मिळणार आहेत का?” त्यांची काळजी खरी आहे. ऊसतोडीच्या फडावरून किंवा वीटभट्टीवरून मुलाला येथे पाठवणाऱ्या आईबापांनी गुणांचा विचार करू नये, असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याने एक प्रयोग स्वतः रचला आहे त्याला पाठ्यपुस्तकातले दहा प्रयोग पाठ करावे लागत नाहीत. ते का तसे रचले, हे त्याला कळते. दुसरा आक्षेप पैशाचा. त्याला उत्तर आमच्या सहा वाट्यांनी दिले आहे.

उलट, निवासी शाळेला जी सोय आहे ती शहरातल्या मोठ्या शाळांनाही नाही. आपली मुले सकाळ, संध्याकाळ, रविवार आणि सणाच्या दिवशीही येथेच असतात. रोज ठरलेल्या वेळी मोजमाप घेणे त्यांना सहज शक्य आहे. वसतिगृहात प्रश्नांचीही वाण नाही. पहाटेचा अभ्यास रात्रीच्या अभ्यासापेक्षा जास्त लक्षात राहतो, असे आम्ही सारे शिक्षक छातीठोकपणे सांगतो. खरेच राहतो का? चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करावेत, दोन्ही गटांना तेवढ्याच वेळात तेवढेच अनोळखी पाली शब्द पाठ करायला द्यावेत, एकाला पहाटे व दुसऱ्याला रात्री, आणि दोन्ही गटांची सारख्याच अवधीनंतर चाचणी घ्यावी. नंतर गट बदलून तेच पुन्हा करावे. निकाल आमच्या विरुद्ध गेला, तरी तो सूचनाफलकावर लावायची आमची तयारी आहे.

विद्यालयाच्या व्यवस्थापनापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. प्रत्येक प्रयोगवहीत ‘उद्देश’ या रकान्यानंतर ‘आमचा अंदाज’ असा रकाना असावा आणि तो प्रयोगापूर्वी भरून त्यावर तारीख घालावी. अंतर्गत मूल्यमापनात ‘यायला पाहिजे ते’ लिहिणाऱ्यापेक्षा ‘जे आले ते’ लिहून त्याचे कारण शोधणाऱ्याला अधिक गुण द्यावेत. आणि प्रत्येक वर्गाने सत्रात निदान एक प्रयोग असा करावा, ज्याचे उत्तर शिक्षकालाही आधी ठाऊक नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये १९७६ साली विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन व शोधकबुद्धी यांचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून घालण्यात आले. ते कर्तव्य प्रार्थनेनंतर घोषणेप्रमाणे म्हणवून घेता येते किंवा वहीच्या एका रकान्यात रोज पाळता येते.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आपण विद्यालयाला पंखे दिलेत, पुस्तके दिलीत, पाण्याची टाकी बांधून दिलीत. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. आता येताना एखादा ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आणा, चार तापमापके आणा आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे अर्धा दिवस मुलांजवळ बसा. तुमच्यापैकी कोणी परिचारिका आहेत, कोणी कृषी सहायक, कोणी अभियंता. तुमच्या कामात तुमचा अंदाज चुकला आणि मोजमापाने तुम्हांला सावरले, असा एखादा प्रसंग त्यांना सांगा. यशाच्या कथा त्यांनी पुष्कळ ऐकल्या आहेत.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, सुटीत मूल घरी आले की ‘किती गुण पडले?’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारा, ‘हे तुला कशावरून कळले?’ आणि त्याने तोच प्रश्न तुम्हांला परत विचारला, तर रागावू नका. तो उद्धटपणा नाही. तेवढ्यासाठीच आपण त्याला येथे पाठवले होते.

ते दोन विद्यार्थी आता मोठे झाले आहेत. त्यांचा तो दुसरा तक्ता आम्ही जपून ठेवला आहे. कडा कुरतडल्या आहेत, शाई फिकी झाली आहे, पहिली ओळ मात्र अजून वाचता येते. यंदाच्या प्रदर्शनात तो प्रवेशद्वाराशी लावावा, अशी आमची इच्छा आहे. आपण सर्वांनी तो वाचण्यासाठी अवश्य यावे.

नमो बुद्धाय. जय भीम.